मिस्त्रीला घेऊन या

हार्डवेअरच्या दुकानात तुम्ही शेवटचे गेलात, तेव्हा तुमच्या आधीपासून तिथं कोण बसलं होतं?

आठवून बघा. नळाची तोटी घ्यायला गेला असाल, नाहीतर रंगाचा डबा. तुम्ही काउंटरपाशी उभे राहिलात, पलीकडून कुणीतरी "बोला साहेब" म्हणालं, तुम्ही बोललात, पिशवी घेऊन निघालात. पण दाराजवळ, सिमेंटच्या गोण्यांवर, कुणीतरी बसलेलं होतं. नाही आठवत ना? मलाही आठवलं नसतं. पण आमच्या आखाडा बाळापुरातल्या दुकानात त्या गोणीवर बसलेली बाई माझ्या समोरच्या घरात राहायची. म्हणून मला विसरायची सोय नाही.

तिचं नाव गयाबाई. वय पंचावन्नच्या पुढंमागं. चौदाव्या वर्षापासून बांधकामावर बिगारी. डोक्यावर घमेलं वाहून वाहून मान इतकी सरळ झालेली की रस्त्यानं चालताना कुणालाही वाटावं, ही बाई गर्विष्ठ आहे. थोडीशी होतीही. गावातल्या इमारती ती आपल्या लेकरांसारख्या सांगायची. "ती माझी शाळा. तो माझा दवाखाना. ह्या पाण्याच्या टाकीवर सहा महिने चढून राहिले मी." कोनशिलेवर नावं दुसऱ्यांची असायची. तिला त्याचं काही वाटत नसे. "दगडावर नाव घालून काय करायचं? दगडच मी वाहिला," म्हणायची.

तिची एक वाईट खोड होती. कुणाच्याही घरी गेली की बसायच्या आधी भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करायची आणि कान लावायची. आमच्या गुरुजींनी नवं घर बांधलं. गृहप्रवेशाचं जेवण चाललेलं. गयाबाई हात धुवून आली आणि हॉलच्या भिंतीवर टकटक. "गुरुजी, इथं पोकळ हाय बरं. गिलाव्यात वाळू जास्ती झाली." गुरुजींच्या बायकोचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता बाईला वाढायचं थांबवतात. पुढच्या वर्षी त्यांनी त्याच भिंतीवर टीव्ही लावायला खिळा ठोकला आणि ताटाएवढा गिलावा खाली आला. गुरुजींनी स्वतः येऊन सांगितलं. गयाबाई हसली नाही. "टीवी वाचला ना?" एवढंच विचारलं.

तिचा नवरा किसन मिस्त्री. आमच्या भागातला नावाजलेला गवंडी. ती त्याला "मिस्त्री" म्हणायची, तो तिला "बिगारी". एकमेकांची नावं त्यांनी कधी घेतल्याचं मी ऐकलं नाही.

"ए बिगारी, पाणी आण."

"मिस्त्री, बिगाऱ्याचा संप हाय. घागर तिथं हाय, पेला तिथं हाय."

संध्याकाळी समोरच्या ओट्यावरून हे ऐकू यायचं आणि आमच्याकडं माझे वडील पत्रकं वाचत असताना गालात हसायचे. आमच्या घरात वस्तू कमी आणि पत्रकं जास्त. वडिलांच्या लोखंडी पेटीत चळवळीची तीस-चाळीस वर्षांची पत्रकं होती. मी अक्षरं त्यांवर शिकलो. त्यामुळं मला वाक्यं मोठी सुचायची. गयाबाई मला "कागद्या" म्हणायची.

आता सुतळीचं सांगतो, कारण पुढचं सगळं सुतळीवर आहे.

बांधकामावर मापाचा टेप मिस्त्रीच्या खिशात असतो. बिगारी बाईच्या हातात टेप कोण देतो? तिनं घमेलं उचलायचं, विटा द्यायच्या, भिंतीला पाणी मारायचं. पण कुठली वीट कुठं जाणार हे तिला कळावंच लागतं, नाहीतर शिव्या खायच्या. म्हणून गयाबाईनं स्वतःची माप घ्यायची रीत काढली होती. सुतळी घ्यायची, एका टोकाला गाठ, जिथं माप संपलं तिथं दुसरी गाठ. पावडरच्या जुन्या डब्यात अशा पंचवीस-तीस सुतळ्या होत्या. कुठली कशाची हे तिला हात लावून कळायचं. "ही शाळेची खिडकी. ही सरपंचाचा जिना." दार असलं तर ती दोन गाठींच्या मधली मोकळी जागा मोजायची. माणूस जाणार तेवढी. चौकटीची जाडी तिच्या लेखी मापात येतच नव्हती. "दार म्हणजे भोक. भोकाचं माप घ्यायचं. लाकडाचं काय घेता?"

किसन मिस्त्री नांदेड रस्त्यावरच्या एका बांधकामावर दुसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडला. कंबरेखालचं अंग लुळं पडलं. त्याला तिथून चौघांनी फळीवर घालून खाली आणलं, जसा मालाचा गठ्ठा उतरवतात तसा. शुद्धीत होता. ते उतरणं तो विसरला नाही. नांदेडच्या दवाखान्यातच त्यानं गयाबाईला सांगितलं, "आजपासून मला कुणी उचलायचं न्हाई. मी काय सिमेंटची गोणी हाय का?"

दवाखान्यातल्या एका शिबिरात त्याला चाकाची खुर्ची मिळाली. त्याच वेळी गावात त्यांच्या जुन्या घराच्या जागी घरकुलाची खोली चढत होती. गयाबाईनं खुर्चीची रुंदी सुतळीनं घेतली. मग खुर्चीच्या एका बाजूला स्वतःची मूठ ठेवली, दुसऱ्या बाजूला दुसरी. चाक ढकलणाऱ्या माणसाचे हात दोन्ही बाजूंना लागतात, ते सोलून निघू नयेत म्हणून. तेवढ्यावर गाठ मारली. एक दिवस गावी आली, हायवेवरच्या मोठ्या दुकानात ती सुतळी दिली, सिमेंटच्या चौकटीची ऑर्डर दिली, पैसे भरले आणि परत नांदेडला गेली.

दुकानाचं नाव मी लिहीत नाही. तुमच्या गावातही ते आहे. काचेचा दरवाजा, आत टाइल्सच्या चकचकीत भिंती, नळांची रांग, बाहेर अंगणात वाळू, विटा आणि उभ्या करून ठेवलेल्या सिमेंटच्या तयार चौकटी. दारावर पाटी: ग्राहक हेच आमचे दैवत.

दुकानातल्या माणसानं ती सुतळी तयार चौकटीवर धरली. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. बरोबर बसली. नवीन बनवायचं काम वाचलं. चौकट टेम्पोत चढली. गयाबाई नसताना शेजारच्या गवंड्यानं ती भिंतीत पक्की केली, गिलावाही केला. चांगल्या मनानं केला. पावतीवर लिहिलं होतं: चौकट, एक नग. माप नाही.

किसन मिस्त्री नांदेडहून जीपनं आला तेव्हा प्रवासानं अर्धमेला झाला होता. त्या एका दिवसापुरतं त्यानं उचलू दिलं. खुर्ची घडी करून आत नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुवून, डोकं विंचरून तो खुर्चीत बसला आणि बाहेर निघाला. दोन्ही चाकं चौकटीला अडकली.

एका बोटानं. फक्त एका बोटानं अडकली.

तो थोडा मागं गेला, परत आला. परत अडकली. मी ओट्यावर दात घासत होतो. त्यानं वाकून चौकटीची आतली कड हातानं चाचपली, वर बघितलं, खाली बघितलं. गवंड्याची नजर. मग म्हणाला, "बिगारी, हे भोक तुझं न्हाई."

"न्हाई," गयाबाई म्हणाली. "मी दुकानात जाऊन येते."

ती जाऊन येणं पाच महिने चाललं.

पहिल्या दिवशी काउंटरवरच्या मॅनेजरनं तिचं बोलणं अर्धं ऐकलं आणि म्हणाला, "मावशी, मिस्त्रीला घेऊन या. तुम्हाला त्यातलं कळत नाही."

हा त्या धंद्याचा रिवाज आहे. गिऱ्हाईक मिस्त्री आणतो, माल मिस्त्री सांगतो, दुकान मिस्त्रीशी बोलतं. दिवाळीला मिस्त्रीला बॅग मिळते, टी-शर्ट मिळतो. ज्याचं घर आहे तो बाजूला उभा राहून ऐकतो आणि बाई असली तर तेवढंही नाही. आणि बाई बिगारी असली तर? सांगायला हवं का?

गयाबाई म्हणाली, "माझा मिस्त्री घरात अडकलाय. तुमच्या चौकटीत."

"मग दुसरा आणा."

"दुसरा काहून? माप मी दिलंय. माझी सुतळी काढा. तिच्यावर दोन गाठी हायत."

सुतळी शोधली. काउंटरमागच्या खिळ्यावर असायची. नव्हती. कुणीतरी पाइपांचा जुडगा बांधायला वापरली होती आणि तो जुडगा सेनगावकडं गेला होता. गयाबाईनं मला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "त्याहीनं माझ्या मापानं पाइप बांधले रे, कागद्या."

त्या दिवसापासून दर बाजाराच्या दिवशी ती दुकानात जाऊन दाराजवळच्या गोण्यांवर बसू लागली. भांडायची नाही. तिला सांगायचे, शेठ जेवायला गेलेत, शेठ हिंगोलीला गेलेत, शेठ फोनवर आहेत. पंखा काउंटरकडं तोंड करून. दुपारी उठायची, घरी यायची. किसन मिस्त्री आतून विचारायचा, "काय म्हणाले?" ती म्हणायची, "मिस्त्रीला घेऊन या म्हणाले." मग दोघंही हसायचे. पहिला महिनाभर हसायचे.

कुणी सुचवलं, चाकाबाहेरची हातानं फिरवायची कडी काढून टाका, निघेल खुर्ची. किसन मिस्त्री म्हणाला, "मंग ढकलू कशानं? जिभंनं?" कुणी म्हणालं, उचलून बाहेर ठेवू, रोजचं काय त्यात. त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. त्याच्या अंगात दुकानानं दिवाळीला दिलेला टी-शर्ट असायचा, पाठीवर छापलेलं: तुमच्या घराचे स्वप्न, आमची जबाबदारी. पाठ आमच्याकडं केली की ते वाचावं लागायचं.

तुम्ही विचाराल, चाळीस वर्षं बांधकामावर घालवलेली बाई, घरात घण आहे, छिन्नी आहे, मग तिनं चौकट फोडली का नाही? दुसऱ्या आठवड्यात तिनं घण काढला होता. मी तिला थांबवलं.

हो, मी. रस्ता ओलांडून धावत गेलो. "मावशी, फोडू नका! तो पुरावा आहे. ग्राहक म्हणून तुमचा हक्क आहे. चूक त्यांची, तुम्ही का फोडायची?" शेवटचं वाक्य तिला पटलं. घण तिनं खाली ठेवला. मी चार पानी तक्रार लिहिली. त्यात सन्मान, समता, शोषण सगळं होतं. हिंगोलीच्या ओळखीच्या वकिलानं ती वाचून एकच प्रश्न विचारला, "पावतीवर माप आहे का?" मी गावी आलो. दुसरा अर्ज लिहिला. तिसरा. गयाबाई रोज सकाळी विचारायची, "तुझा कागद कुठवर गेला?" मी म्हणायचो, "निघालाय." किसन मिस्त्री चौकटीच्या आत बसून ऐकायचा. त्या खोलीला एक खिडकी होती, ती भिंतीसमोर उघडायची. दारातून त्याला रस्त्याचा जेवढा तुकडा दिसायचा त्यात आमचा ओटा होता. त्याला दिवसभर मी दिसायचो.

आणि एक सांगतो, ते सांगितल्याशिवाय हे लिहायचा मला अधिकार नाही. त्या काळात आमच्या घरातला बल्बचा होल्डर जळाला. मी त्याच दुकानात गेलो. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. बाजाराचा दिवस. गयाबाई गोणीवर. मॅनेजर म्हणाला, "बोला सर." आणि मी बोललो. होल्डर घेतला, वायर घेतली, वायरीवर गुंडाळायचा टेप घेतला. चार मिनिटंही लागली नाहीत. निघताना तिनं वर बघितलं.

"झालं का तुझं? जा मंग. ऊन व्हायलंय."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं. त्या संध्याकाळी मी समतेवर एक पत्रक लिहायला घेतलं होतं. ते पुरं केलं नाही.

पाचव्या महिन्यात एका सकाळी किसन मिस्त्रीनं मला हाक मारली. "कागद्या, अजून तिघं बोलाव. मला उचला." मला वाटलं त्याची तब्येत बिघडली. "तब्येतीला काय झालंय? दुकान पाच महिने मिस्त्रीला बोलावून राहिलं. जातो ना एकदा." उचलताना त्यानं डोळे मिटून घेतले होते. चौकटीतून बाहेर आल्यावरही उघडले नाहीत. खुर्चीत बसवल्यावर उघडले.

दुकानाला तीन पायऱ्या. खुर्ची अंगणातच थांबली. मॅनेजरनं काचेतून बघितलं आणि धावत बाहेर आला. "अरे मिस्त्री! किती दिवसांनी! ए, मिस्त्रीला चहा सांग, खुर्ची आण!"

"खुर्ची घेऊनच आलोय," किसन मिस्त्री म्हणाला.

गयाबाई अंगणातल्या हमालांकडं वळली. तिचा आवाज बांधकामावरचा झाला. "ती तिसरी चौकट उचला, आमच्या दाराला दिलीत तसली. उभी करा. धरून ठेवा, सोडू नका. मिस्त्री, या." हमालांनी मॅनेजरकडं बघितलंही नाही, चौकट उभी धरली. किसन मिस्त्रीनं खुर्ची फिरवली आणि भर दुकानासमोर, चार गिऱ्हाइकांदेखत, चौकटीत घातली. अडकली. तो तिथंच बसून राहिला, अर्धा इकडं, अर्धा तिकडं.

मॅनेजर खाली वाकून बघत म्हणाला, "मिस्त्री, आता काय करायचं म्हणता?"

तेवढ्यात आलेला चहा किसन मिस्त्रीनं हातात घेतला.

"मिस्त्री?"

किसन मिस्त्रीनं चहाचा घोट घेतला. "घराची मालकीण ती हाय. माप तिनं दिलं. मला काहून इचारता? मी तर मिस्त्री हाय."

मॅनेजर हसला, मग त्यानं गिऱ्हाइकांकडं बघितलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्याचं तोंड तिच्याकडं वळलं. "काकू... काय माप होतं तुमचं?"

गयाबाईनं नवऱ्याच्या एका चाकाला आपली मूठ लावली, दुसऱ्या चाकाला दुसरी. हात पसरून, वाकून, ती तशीच उभी राहिली. "हे," म्हणाली. "एवढं."

आठ दिवसांत नवी चौकट घरपोच, असं मॅनेजरनं सगळ्यांसमोर सांगितलं. मी ते वहीत लिहून घेतलं. आठ दिवस गेले. दहा गेले. फोन केला तर "माल येऊन राहिला." पंधराव्या दिवशी सकाळी मला घणाचा आवाज आला.

मी ओट्यावरून ओरडलो, "मावशी, पुरावा!"

ती थांबली. पदर कंबरेला खोचलेला, केसांत सिमेंटची भुकटी. "कागद्या," ती म्हणाली, "पुरावा साडेपाच महिने आत बसलाय. बाहेर येऊ दे त्याला."

मी रस्ता ओलांडला आणि छिन्नी धरली. दुसरं काय करणार होतो? दुपारपर्यंत चौकट निघाली. किसन मिस्त्री स्वतः चाक ढकलत बाहेर आला. दोन्ही बाजूंना एकेक मूठ जागा होती. रस्त्यावर येऊन तो थांबला, आणि कुठं जावं हे त्याला सुचेना. उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं. मग आमच्या ओट्यापर्यंत आला आणि म्हणाला, "हितून माझं घर कसं दिसतंय, बघू दे."

दुकानाला काही झालं नाही. माझे अर्ज कुठल्यातरी टेबलावर असतील. नवी चौकट तिनं लाकडाची केली, गावातल्या सुताराकडून, सुतळीच्या मापानं. पुढं त्यांची लेक दोघांना परभणीला घेऊन गेली. खोलीला कुलूप आहे. दार मोठं आहे.

जायच्या आठवड्यात मी गयाबाईला शेवटचं पाहिलं ते त्याच दुकानात. लेकीच्या घराच्या दारासाठी तिला बिजागऱ्या हव्या होत्या. ती तिच्या जागेवर बसलेली, गोणीवर, मान सरळ. शेजारी अजून एक बाई होती, तरुण, मांडीवर लेकरू, हातात फुटलेली तोटी कागदात गुंडाळलेली. मी आत शिरत होतो. मॅनेजरनं गयाबाईला बघितलं. अंगणातला तो दिवस तो विसरला नसावा. मोठ्यानं म्हणाला, "या काकू, बोला, काय पाहिजे?"

तिनं साडेपाच महिने जिची वाट बघितली ती ही हाक. ती उठली नाही. शेजारच्या बाईच्या पाठीवर हात ठेवला.

"ह्या माझ्या आधी हायत," म्हणाली. "आधी ह्यांचं ऐका."

वाचणाऱ्या माणसा, मी तुला पत्रक देत नाही, सही मागत नाही. एकच मागतो. पुढच्या वेळी काउंटरपाशी कुणी तुला "बोला साहेब" म्हणालं, की बोलू नकोस. मागं वळ. दाराजवळच्या गोणीवर कोण बसलंय ते बघ, आणि गयाबाई म्हणाली ते मोठ्यानं म्हण. मग तिचं बोलून होईपर्यंत तिथंच थांब.